थांबल्यावर

उम्म अल क्वैनच्या खाडीत, तिसऱ्या खुंटाला
बांधलेली ‘सुमैया’. चार दिवस उठत नाही.
माझ्याआधी दोघे येऊन गेले.
एकाने हेड गॅस्केट बदललं, दुसऱ्याने नुसतं बिल दिलं.

‘बंप खराब, बावसकर?’ मालक खमीस विचारतो.
त्यांच्या अरबीत प नाही,
त्यामुळे मीही इथे अकरा वर्षं थोडा वेगळाच आहे.

डिपस्टिक काढली. तेल नव्हतं ते,
साय धरलेला दुधाचा चहा.
बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावलं.
सेल्वमने तोंड फिरवलं. फिरवू दे.
गोडसर लागलं असतं तर कूलंट,
म्हणजे घरातल्या घरातलं भांडण.
हे खारट. हे बाहेरचं.
हर्णैचा दर्या जिभेवर आला तर
कालवणात मीठ जरा जास्त पडल्यासारखा.
इथला म्हणजे मीठच,
त्यात कुणी चुकून पाणी ओतलेलं.

इंजेक्टर काढले, फ्लायव्हील हाताने फिरवलं.
तिसऱ्या सिलिंडरने चूळ टाकली,
चौथ्याने माझा शर्ट भिजवला.

मग शोध. कूलरची तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली,
साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही.
पंपाखालचं भोक कोरडं ठणठणीत.
तेल तीनदा बदललं, चौथ्यांदा काळं राहिलं.
इंजिन लागलं. दोन तास चाललं,
काटा जागचा हलला नाही,
धूर असा स्वच्छ की खमीसने खजूर वाटले.

मी म्हटलं, आता बंद करा.
आणि जेवायला जा सगळे.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्झॉस्टच्या कोपराला,
लाकडी मूठ कानाला.
लोखंड निवताना टिकटिकत होतं.
बराच वेळ तेवढंच.
मग त्याच्याखालून, अगदी बारीक,
अंधारात कुणी माठातून पाणी घेतंय
आणि कुणाला जाग येऊ नये म्हणून जपतंय, तसं.

चालताना नाही. थांबल्यावर.

बाबा पिंपातून डिझेल काढायचे
नळी तोंडाने ओढून. थुंकायचे, शिवी द्यायचे,
तोंड बाजूला झालं तरी धार वाहतच राहायची.
एकदा ओढ लागली की
ओढणाऱ्याची गरज उरत नाही.
पंप थांबला होता. पाण्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

ते कळवायचं काम एका झडपेचं.
पाइपाच्या वरच्या वळणावर, सोड्याच्या बाटलीच्या बुचाएवढी.
इंजिन थांबलं की तिने हवेचा एक घोट आत घ्यायचा,
धार तुटते. बस.
तिच्या रबरी जिभेवर मिठाची खपली बसलेली,
किती महिने कुणास ठाऊक
तिने तोंड उघडलं नव्हतं.

गॅस्केटचे एकोणीसशे दिरहॅम गेले होते.
मी कपभर शिरका मागवला.

झडप कपात बुडबुडत असताना सेल्वम म्हणाला,
‘सुट्टीच्या दिवशीपण का येतोस रे?
खोलीवर पड जरा.’
म्हटलं, अंग चालू असलं की बरं असतं.
काडीने खपली खरवडत राहिलो.

रात्री पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं.
मूठ कानाला.
वळणावर एकदाच फुस्स झालं,
झोपेत मूल सुस्कारतं तेवढं.
मग काही नाही. खाडी बाहेर, बाहेरच.
तरी अर्धा तास बसून राहिलो,
कामाची गरज नव्हती तरी.

वर आलो. हात पुसले, वास तसाच.
फोनवर तीन मिस्ड कॉल, तिघेही घरचे.
तिकडे दीड तास पुढे. निजली असतील.
एरवी मी म्हणतो, उद्या करू.

लावला.